कर्णापासून सुरुवात केली तर चालेल का?

"नमस्कार. मी अमळनेरला राहते, वय ४४. घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते, पिको-फॉल करते. दिवाळीत बहिणीचा मुलगा आला होता, जळगावला इंजिनिअरिंगला आहे. रात्री त्याने टीव्हीवर एक जपानी मालिका लावली. मी मशीनवर होते. सहज मान वर केली तर सोन्याचं कवच घातलेला, पांढऱ्या केसांचा एक पोरगा हातभर नव्हे, पुरुषभर भाला घेऊन उभा. भाचा म्हणाला, 'मावशी, हा कर्ण.' आपला कर्ण! मी पायाखालचं मशीन थांबवलं आणि दोन भाग बसून पाहिले. निम्मं कळलं नाही, पण डोळा हलेना. भाचा म्हणतो, हे असं मधूनच बघायचं नसतं, तुला काहीच समजणार नाही. जाताना कागदावर अकरा नावांची यादी लिहून देऊन गेला. पहिलं नाव लावलं, त्यात कर्ण नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यातही नाही. खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचून होत नाहीत. घरातले म्हणतात, या वयात कार्टून काय बघत बसली. मुलगी सातवीत आहे, ती पण शेजारी येऊन बसते, तिला दाखवावं का? जपान्यांनी आपल्या कर्णाचं काही वेडंवाकडं तर केलं नाही ना? आणि मुख्य म्हणजे, मी कर्णापासूनच सुरुवात केली तर चालेल का?"
एक वाचक, अमळनेर

ताई,

चालेल. आज रात्रीच लावा.

तुम्ही पाहिलेली मालिका 'फेट/अपोक्रिफा'. २०१७ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये जपानात आली, पंचवीस भागांची आहे आणि पंचवीस भागांत तिची गोष्ट संपते. भाच्याची यादी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ती दुसऱ्याच कुणासाठी तरी बनवलेली आहे: ज्याला 'फेट' नावाच्या मालिका-सिनेमांच्या या सगळ्या गोतावळ्यात पुढची दोन-तीन वर्षं राहायचंय, त्याच्यासाठी. तुम्हाला कर्णाचं काय झालं ते बघायचंय. त्यासाठी अकरा दारं ओलांडायची गरज नाही.

हा गुंता झाला कसा, ते थोडक्यात सांगतो, म्हणजे यादी पाहून घाबरायला होणार नाही. ३० जानेवारी २००४ ला जपानात 'फेट/स्टे नाइट' नावाचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला. खेळ म्हणायचा, पण खरं तर ती चित्रं आणि संगीत असलेली भलीमोठी कादंबरीच. पडद्यावर वाचत जायची आणि मधेमधे 'आता काय करू' ते आपण ठरवायचं. लिहिणारा किनोको नासु, चित्रं ताकाशी ताकेउची, आणि त्यांच्या मंडळीचं नाव टाइप-मून. त्या एका खेळात सुरुवात एकच आणि पुढे वाटा तीन होत्या, तिन्हींचा शेवट वेगळा. २००६ ला पहिल्या वाटेवर मालिका निघाली. दुसऱ्या वाटेवर २०१० ला सिनेमा आणि २०१४-१५ ला पुन्हा मालिका. तिसरीवर २०१७ ते २०२० मध्ये तीन सिनेमे. तेवढ्यात गेन उरोबुची नावाच्या दुसऱ्या लेखकाने मूळ गोष्टीच्या दहा वर्षं आधीची हकिकत लिहून काढली, तिची 'फेट/झीरो' ही मालिका २०११-१२ ला आली. मग २०१५ पासून मोबाइलवरचा खेळ, त्यातून आणखी मालिका, आणखी सिनेमे. आता सांगा, यात पहिलं कुठलं? आधी घडलेलं की आधी लिहिलेलं? यावर पोरं रात्र रात्र भांडतात. भांडोत. ज्यांनी सगळं पाहून संपवलंय त्यांचं ते भांडण आहे. आपल्याला जसा धक्का बसला होता तसाच, त्याच क्रमाने तो नवीन माणसाला बसावा अशी त्यांची इच्छा असते. प्रेमापोटीच असतं ते, पण त्यापायी नवीन माणूस दारातच ताटकळतो.

तुम्ही अमळनेरच्या. सखाराम महाराजांच्या उत्सवात कीर्तन ऐकलं असेलच. बुवा उत्तररंगाला उभे राहिले आणि कर्णाचं आख्यान लावलं, तर मांडवातलं कुणी उठून म्हणतं का, की थांबा बुवा, माझं आदिपर्व झालेलं नाही? आपल्यापैकी कुणीच महाभारत पहिल्या पानापासून ऐकलेलं नाही. कुणाला अभिमन्यूपासून भेटलं, कुणाला द्रौपदीच्या थाळीपासून. मागचं मागाहून जोडत गेलो. मधूनच गोष्टीत शिरायची ही सवय तुमच्या अंगात आधीच आहे. भाच्याला ती कुणी लावलेली दिसत नाही.

आता 'अपोक्रिफा' बघायला जेवढं लागतं तेवढं सांगतो. जपानातल्या फुयुकी नावाच्या (कल्पित) गावात जादूगारांचं एक युद्ध मधूनमधून होतं. सात जादूगार, प्रत्येकाने इतिहास-पुराणातला एक वीर मंत्राने बोलावून आणायचा, सातही जोड्यांनी आपसांत लढायचं, शेवटी उरेल त्या जोडीला एक पवित्र चषक मिळतो आणि तो इच्छा पुरी करतो. ख्रिस्ती दंतकथांतला तो 'होली ग्रेल'. वीरांच्या सात जाती ठरलेल्या: तलवारवाला सेबर, धनुर्धारी आर्चर, भालाईत लान्सर, स्वार म्हणजे रायडर, मांत्रिक कास्टर, मारेकरी असॅसिन आणि भान हरपून लढणारा बर्सर्कर. जादूगाराच्या हातावर तीन खुणा असतात. एक खूण खर्च केली की वीराला एक आज्ञा मोडता येत नाही. प्रत्येक वीराकडे त्याच्या दंतकथेतलं एक ब्रह्मास्त्र असतं. कर्णाकडे तर शब्दशः ब्रह्मास्त्रच आहे.

मूळ गोष्टीपेक्षा 'अपोक्रिफा'त एवढाच फरक की तिसऱ्या युद्धाच्या वेळी तो चषकच कुणीतरी पळवून रुमानियात नेला. त्यामुळे इथलं जग मूळ जगापासून फुटून वेगळं निघालंय, आणि म्हणूनच मागचं न पाहता ते बघता येतं. इथे सात विरुद्ध सात असे चौदा वीर आहेत, काळी बाजू आणि लाल बाजू. कर्ण लाल बाजूचा लान्सर. चौदा जणांवर देखरेखीला पंच म्हणून एक पंधरावी आहे, फ्रान्सची जोन ऑफ आर्क. पुरे. याहून जास्त तयारी करून बसू नका.

पण एक मोठी गोष्ट भाचा सांगायला विसरला, आणि ती तुमच्या फायद्याची आहे. या मालिकांमध्ये वीर आपलं खरं नाव लपवतात. सेबर, लान्सर अशा जातीच्या नावानेच एकमेकांना हाक मारतात. कारण नाव कळलं की गोष्ट कळते, आणि गोष्ट कळली की तो कुठे मरतो ते कळतं. तुम्ही पाहिलेली ती महामार्गावरची रात्रभराची लढाई आठवा. कर्णाच्या समोर तलवार घेऊन जो गप्प माणूस उभा होता, त्याला त्याच्या मालकाने, म्हणजे बोलावून आणणाऱ्या जादूगाराने, तोंड उघडायलाच बंदी केली होती, नाव फुटू नये म्हणून. तो सीगफ्रीड, जर्मन पुराणकथांतला. त्याने ड्रॅगन मारला आणि त्याच्या रक्ताने अंघोळ केली, त्यामुळे अंगावर घाव लागेना. फक्त पाठीवर झाडाचं एक पान चिकटलं होतं, तेवढी जागा कोरडी राहिली. पुढे तिथेच भाला बसला. आपल्याकडे गांधारीच्या नजरेतून दुर्योधनाची मांडी सुटल्याचं सांगतात, त्याच जातीची गोष्ट. म्हणजे तिथे एक जन्मजात कवच घातलेला आणि एक रक्ताने कवच झालेला असे दोघे भिडले होते. पहाट झाली तरी कुणी हरेना, आणि दोघांनाही ते मनापासून आवडलं. हे कळल्यावर ती लढाई पुन्हा एकदा लावून बघा. घावांचा आवाजसुद्धा वेगळा लागेल.

भाच्याला ग्रीक नावं पाठ असतील, मोबाइलवर वाचलेली. पण कुंडलं कुणी मागितली, कोणत्या वेषात मागितली, सूर्याने आधीच काय बजावलं होतं आणि तरी कर्णाने का दिली, हे तुम्ही त्याच्यापेक्षा आधीपासून जाणता. मालिकेत एक क्षण असा येतो, की जो तुम्हाला त्याच्या दोन मिनिटं आधी कळेल. कुठला ते सांगत नाही.

आणखी एक नियम फार मजेशीर आहे. वीराला जिथे बोलावलं, तिथल्या लोकांना तो जितका माहीत, तितका त्याचा जोर वाढतो. काळ्या बाजूचा लान्सर व्लाद हा रुमानियाचाच राजा, तुर्कांशी लढलेला, तिथल्या लोकांना घरचा. बाहेरच्या जगाने त्याला रक्तपिपासू ड्रॅक्युला करून टाकलं, हा त्याच्या जिवाला लागलेला सल. पण स्वतःच्या मातीवर उभा आहे तोवर त्याच्या वाटेला जायची सोय नाही. हे कळलं तेव्हा माझं मन तडक सातपुड्यात गेलं. नंदुरबारकडे अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीला यात्रा भरते, लोक रात्र काढून डोंगर चढतात, आणि कपाळाच्या जखमेवर तेल मागत अश्वत्थामा अजून त्या रानात फिरतो असं सांगणारे आजही भेटतात. इकडे एरंडोलजवळ पद्मालयाला भीमाचं कुंड दाखवतात, बकासुर तिथे मारला म्हणून. आता त्या नियमाने अश्वत्थाम्याला रुमानियात नको, तळोद्याला बोलवा आणि बघा काय होतं! (अश्वत्थामा त्यांच्या मोबाइलच्या खेळात आहे बरं का, आर्चर म्हणून. तुमच्या मालिकेत नाही.)

आता तुमची ती शंका, की कर्णाचं वेडंवाकडं केलं का. माझं मत, नाही. रूप बदललंय हे खरं. आपल्या कॅलेंडरवरचा भरदार, मिशीवाला कर्ण तिथे नाही. सडपातळ, गोरापान, छातीत लाल मणी, डोळ्यांत ऊन. जपानी तोंडी 'कारुना' होतो, दचकू नका. पण स्वभाव त्यांनी नीट वाचलाय. कुणी मागितलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. खोटं बोलत नाही, आणि समोरच्याला लागेल असं खरंही सरळ बोलून जातो, त्यामुळे गैरसमज होतात. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यासाठी लढायचं, मग तो मालक कसा का असेना, हा त्याचा हेका तिथेही तसाच आहे. आणि त्याच्या मालकांची जी गत मालिकेत होते ती पाहता हा हेका त्याला महागात पडतो. सूतपुत्र म्हणून झालेल्या अपमानाचं रडगाणं मात्र त्यांनी गायलं नाही. मला ते बरं वाटलं. आपल्याकडे कर्ण आला की लेखकाच्या डोळ्याला पाणी आधी येतं आणि कर्ण मागाहून येतो. इथला कर्ण कुणाबद्दल तक्रार करत नाही, कुणाची कीव मागत नाही, चांगला लढवय्या समोर आला की खूश होतो. इंद्राने दिलेली ती वासवी शक्तीही आहे, नावासकट. फक्त ती चालते कशी, यात त्यांनी त्यांची कल्पना लढवली आहे. कीर्तनकार लढवतातच की.

पण सगळं गोड आहे असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. 'अपोक्रिफा'त गर्दी फार आहे. त्याला कारण आहे: हे आधी इंटरनेटवर खेळायच्या खेळासाठी योजलं होतं, तो खेळ रद्द झाला, मग युइचिरो हिगाशिदे या लेखकाने तेच सामान घेऊन २०१२ ते २०१४ मध्ये पाच खंडांची कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून ही मालिका. खेळात पात्रं भरपूर असली तर बरंच, पण पंचवीस भागांत चौदा वीर, त्यांचे मालक, वर नोकरचाकर कोंबले की काहींच्या वाट्याला दोन वाक्यं आणि एक मरण एवढंच येतं. शेक्सपिअर नावाचा नाटककार लढाई सोडून लोकांना संवाद ऐकवत हिंडतो, रोमचा बंडखोर गुलाम स्पार्टाकस हसत हसत कुठेतरी चालत सुटतो. आधी गोंधळायला होतं, मग गंमत वाटायला लागते. कथेच्या मध्ये जो साधा मुलगा बसवलाय, प्रयोगशाळेत तयार केलेला, तो मला तरी शेवटपर्यंत फिका वाटला. तुमचं लक्ष त्याच्यावर ठरलं नाही तर दोष तुमचा नाही. त्याऐवजी लाल बाजूचा एक योद्धा आणि काळ्या बाजूचा एक धनुर्धारी यांच्यावर डोळा ठेवा. ते गुरू-शिष्य आहेत, आणि समोरासमोर येणार आहेत. द्रोणपर्व ऐकलेल्या माणसाला ते पचायला जड जाईल, चांगल्या अर्थाने.

पहिले तीन भाग नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. काळी बाजू कुठली आणि लाल कुठली एवढं धरून ठेवा. चौथ्या-पाचव्या भागापासून चेहरे आपोआप बसतात. आणि बाविसाव्या भागाला दचकू नका. तिथे एका लढाईत चित्रांची रेषा एकदम मोकळी सुटते, चेहरे ओबडधोबड होतात, हातपाय ताणले जातात, आकाश फाटल्यासारखं रंगतं. टीव्ही बिघडलेला नाही. काढणाऱ्यांनी मुद्दाम वेग पकडायला तसं काढलंय. काही जणांनी नाकं मुरडली. मला तो सगळ्या मालिकेतला सर्वांत जिवंत भाग वाटतो. त्या लढाईत कोण आहे हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

कर्णापासून सुरुवात केल्याची किंमत एकच. मूळ गोष्टीतल्या एका तलवारवाल्या पात्राचं खरं नाव तुम्हाला इथे आयतं कळून जाईल, आणि पुढे मूळ गोष्ट पाहाल तेव्हा तो धक्का बसणार नाही. भाच्याचा जीव त्यासाठीच तुटतोय. तोटा आहे, नाही असं नाही, पण वीस वर्षांत ते नाव इतक्या पोस्टरवर आणि बाहुल्यांवर छापलं गेलंय की आज जपानाबाहेरसुद्धा ते गुपित राहिलेलं नाही.

आता अक्षरं. इंग्रजी ओळी पळतात कारण तुम्ही काम करता करता बघता. मशीन तर नकोच, पण काज-बटण, हातशिलाईही त्या वेळी नको. एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा असतो. रोज एकच, जेवणं उरकल्यावर, हात मोकळे ठेवून. तरी ओळ सुटली तर सरळ थांबवा, वाचा, पुढे जा. कुणी घाई केलेली नाही. नेटफ्लिक्सवर वेग कमी करायची सोय असते, तीही वापरून बघा. वाचण्यापेक्षा इंग्रजी ऐकणं सोपं जात असेल तर इंग्रजी आवाजातही ही मालिका निघाली आहे. मी मात्र जपानीच ऐका म्हणेन, आवाजात जान आहे. आणि जादूगार जेव्हा आपसांत लांबलचक बोलतात, मंत्रशास्त्र, घराणी, करार, तेव्हा सगळं वाचायच्या फंदात पडू नका. त्यातलं निम्मं मलाही कळत नाही आणि त्यावाचून काही अडलेलं नाही. कामाचं ते दोन भागांनी पुन्हा सांगतात.

एक पथ्य कडक पाळा: मोबाइलवर कुठल्याही पात्राचं नाव शोधू नका. नाव टाइप करता करताच खाली 'मृत्यू', 'कुणी मारलं' अशा सूचना यायला लागतात. नाव विसरलात तर वहीत लिहून ठेवा, ब्लाउजच्या मापांची वही असेल तिचंच मागचं पान घ्या.

'अपोक्रिफा' संपली आणि अजून भूक उरली, तर मग भाच्याची यादी काढा, पण त्यातली तीनच नावं घ्या. आधी 'अनलिमिटेड ब्लेड वर्क्स', ती २०१४-१५ ची मालिका, २०१० चा सिनेमा नव्हे; सिनेमात सगळं पावणेदोन तासांत कोंबलंय. मग 'हेवन्स फील'चे तीन सिनेमे. सर्वांत शेवटी 'फेट/झीरो'. घडण्याच्या क्रमाने झीरो आधी येते, म्हणून पुष्कळ लोक तीच आधी दाखवतात, आणि ती मालिका म्हणून सर्वांत घट्ट विणलेली आहे हेही खरं. पण लिहिणाऱ्याने ती लिहिली तेव्हा वाचकाला पुढचं सगळं ठाऊक आहे असं धरून लिहिली. शेवट माहीत असूनही माणसं त्याकडे कशी चालत जातात, हे बघण्यातच तिची मजा आहे. तुम्ही महाभारत ऐकताना कौरव हरणार हे माहीत असतंच की. २००६ ची मालिका भाच्याने पहिली लिहिली असेल. तिच्यात तिन्ही वाटांचं थोडं थोडं मिसळलंय आणि चित्रंही आता जुनी वाटतात. राहिली तर राहू द्या. बाकीची सात नावं बाजूला ठेवा. कर्णाशिवाय तीन मालिका तपासून तुम्ही दमलात, तेवढं पुरे झालं.

मुलीचं बोलू. 'अपोक्रिफा' तिच्या शेजारी बसून दाखवायला हरकत नाही असं मी एका दमात म्हणू शकत नाही. लढाया रक्ताच्या आहेत, पण त्याने तेराव्या वर्षी काही बिघडेल असं मला वाटत नाही. टीव्हीवर बातम्यांत त्याहून भयंकर दिसतं. अडचण दुसरी आहे. लंडनचा खुनी 'जॅक द रिपर' याला त्यांनी लहान मुलीचं रूप दिलंय, अंगावर कपडे नावाला, आणि तिच्या गोष्टीत टाकून दिलेल्या लेकरांचे हाल दाखवलेत. ते रूप मला अजिबात पटलेलं नाही. ते भाग आधी तुम्ही एकट्याने पाहा, मग ठरवा. 'झीरो' मात्र तिला नकोच, त्यात मुलांना मारणारा एक माणूस आहे आणि कॅमेरा तिथून नजर वळवत नाही. 'हेवन्स फील' तर मोठ्यांचंच; त्यातल्या एका मुलीवर घरात झालेला अत्याचार हाच कथेचा गाभा आहे, तो पाहायला तुमचंही मन घट्ट लागेल. 'अनलिमिटेड ब्लेड वर्क्स' दहावीच्या आसपास चालेल.

घरच्यांच्या 'कार्टून'वर काय बोलायचं? काही नाही. रात्री टीव्हीवर सासवा-सुनांच्या मालिका चालतात तेव्हा कुणी वय विचारत नाही. फार झालं तर एक दिवस त्यांनाही ती महामार्गावरची लढाई दाखवा, आणि 'हा कर्ण' एवढंच सांगून गप्प बसा.

भाच्याला एक प्रश्न मात्र माझ्याकडून विचारा: त्याच्या यादीत कर्ण आणि अर्जुन समोरासमोर कुठे आहेत? तो सांगेल, मोबाइलच्या खेळात, अमेरिकेत घडणाऱ्या एका प्रकरणात. खरं आहे ते, आणि ऐकल्यावर तुम्हाला तो खेळ घ्यावासा वाटेल. घेतलात तर एक लक्षात ठेवा. त्यात वीर मिळवायला स्फटिक लागतात. थोडे फुकट मिळतात, संपले की पैसे देऊन घ्यायचे, आणि स्फटिक देऊनही कोण हाती लागेल ते सोडतीवर. कर्ण हवा म्हणून टाकाल आणि भलताच कुणी निघेल. महिन्याच्या पिको-फॉलची कमाई त्यात सहज जाते. खेळात काय झालं ते भाच्याच्या तोंडून ऐका. तो त्यासाठी कधीचा टपून बसला असेल.